जुन्या मारुतीचं अ‍ॅव्हरेज: स्क्रूला हात लावण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९९७ ची मारुती ८०० तुम्ही रोज सांखळीहून पणजीला कामावर नेता. चार वर्षांपूर्वी ती लिटरला १७ किलोमीटर द्यायची, आता ११ वर आली आहे. मेकॅनिकने कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) साफ केला, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं त्यातलं बारीक भोक) एक नंबर लहान घातला आणि मिक्स्चरचा स्क्रू आत घेतला. अ‍ॅव्हरेज वाढलं नाहीच, वर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी झटके देते आणि सकाळी लवकर चालू होत नाही. आता नवा कार्ब्युरेटर घालावा, की हा सगळा वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रताप आहे, असं तुम्ही विचारलंय.

नवा कार्ब्युरेटर घेऊ नका. आणि तो लहान जेट आधी काढून मूळ नंबरचा परत बसवून घ्या, बाकीचं सगळं त्यानंतर. फोंड्याला माझं गॅरेज आहे. मारुती, ओम्नी, पद्मिनी, जिप्सी अशा गाड्यांवरच माझी उमेदीची वर्षं गेली. अ‍ॅव्हरेजची तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांपैकी थोड्याच गाड्यांचा दोष कार्ब्युरेटरमध्ये निघतो. पण हात मात्र प्रत्येकाचा आधी तिथेच जातो, कारण स्क्रू बॉनेट उघडताच समोर असतो आणि तो फिरवायला खर्च येत नाही.

इथेनॉलचं आधी संपवतो. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतोच, त्यामुळे त्याला नऊ पट हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब सुमारे साडेतेरा पटीवर येतो. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून देतो. कार्ब्युरेटर मात्र जेटच्या भोकातून जेवढं येईल तेवढंच देणार, आणि तुमच्या गाडीचं ते भोक बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी ठरवलेलं आहे. म्हणजे कोणी काहीही न करता तुमची गाडी आज मूळच्यापेक्षा सात-आठ टक्के लीन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, अशी चालते आहे. त्यात जेट लहान केला, वर स्क्रूही आत घेतला. झटके आणि सकाळचा त्रास तिथूनच आला.

लीन केलं की पेट्रोल वाचतं, हा समज आमच्या धंद्यात फार घट्ट बसलेला आहे. थोडं लीन केलं तर वाचतं, हे खरं. पण एका मर्यादेपलीकडे सिलिंडरमधली ज्योत हळू पसरते, मग एखादा स्फोट चुकतो, आणि त्या वेळचं सगळं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जातं. गाडी ओढत नाही म्हणून चालवणाऱ्याचा पाय आपोआप खाली जातो. पाय खाली गेला की कार्ब्युरेटरचं दुसरं बॅरल (जोर लागला की उघडणारी हवेची दुसरी वाट) लवकर उघडतं, जास्तीचं पेट्रोल देणारा पॉवर व्हॉल्व्हही उघडतो, आणि जेटमध्ये वाचवलेलं पेट्रोल तिथून दुप्पट निघून जातं. शिवाय लीन चालणाऱ्या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. व्हॉल्व्ह जळला की हेड उतरवावं लागतं, आणि त्या खर्चात किती टाक्या पेट्रोल आलं असतं याचा हिशेब तुम्हीच करा.

आता ऊर्जेचं बघू. लिटरला लिटर पाहिलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्क्यांचा घाटा. तुमच्या १७ चे त्यामुळे १६ होतील, लीनपणाचा त्रास धरून साडेपंधरा म्हणू. ११ होणार नाहीत. मधले चार-साडेचार किलोमीटर गाडीतच कुठेतरी हरवले आहेत आणि ते शोधावे लागतील.

शोधण्याआधी मोजणं नीट करा. काटा अर्ध्यावरून पावावर आला, पाचशेचं टाकलं, इतके दिवस चाललं, याला मी मोजणं म्हणत नाही. एकाच पंपावर जा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबवा आणि वर ठोकून भरू नका. किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच पंपावर तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, सलग दोन-तीन काढा. किलोमीटरचा काटाही तपासा. मोबाइलच्या नकाशावर वीसेक किलोमीटरचं अंतर धरून काट्याशी ताडून पाहा. मागच्या चार वर्षांत टायर बदलताना दुकानदाराने जरा मोठ्या मापाचे बसवले असतील, तर काटा कमी किलोमीटर दाखवतो आणि नसलेला तोटा कागदावर दिसतो. असे टायर मी बऱ्याच ८०० वर पाहिले आहेत.

रस्ताही लिहून ठेवा. तुम्ही आमोणा पुलावरून माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करत जात असाल तर तो सपाट आणि बऱ्यापैकी मोकळा रस्ता आहे. म्हापसा-पर्वरीकडून जात असाल, तर तिथल्या गर्दीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर किती वेळ रांगते ते तुम्हाला माहीतच आहे. आठशे सीसीचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल खातं. चार वर्षांत तुमचा रस्ता बदलला असेल, तर हरवलेल्यातला एखादा किलोमीटर तिथेच सापडेल.

मग चाकं. याला पैसे लागत नाहीत म्हणून आधी हेच करायचं. पणजीहून परत आल्यावर, शेवटचा थोडा रस्ता ब्रेक कमीत कमी वापरून, घरासमोर गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं, तर तिथला ब्रेक धरतो आहे. दुसरी खूण म्हणजे सपाट जागी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून ८०० एका माणसाने ढकलली की सहज सरकली पाहिजे. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर्षभर खारी हवा. पुढच्या कॅलिपरच्या पिना गंजून घट्ट होतात, मागे हँडब्रेकची केबल आवरणातच गंजते आणि लिव्हर खाली केला तरी शू पूर्ण सुटत नाही. चालवताना हे जाणवत नाही, कारण रोज थोडं थोडं वाढत जातं. पिना काढून पॉलिश पेपरने घासून, ब्रेकचं वेगळं ग्रीस लावून बसवल्या की काम होतं. साधं ग्रीस तिथे घालू देऊ नका, ते रबर फुगवतं. टायरची हवा पुस्तिकेत दिली आहे तेवढी, दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना भरा.

याच वेळी पेट्रोल गळत तर नाही ना ते बघा. या इंजिनावर कॅमशाफ्टने चालणारा यांत्रिक पंप असतो. त्याचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटला की पेट्रोल आत ऑइलमध्ये उतरतं, जमिनीवर थेंबही दिसत नाही. डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वाढलेली असेल, ऑइल पातळ वाटत असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर दुसरं काही करण्याआधी पंप आणि ऑइल बदला. तसंच चालवलं तर बेअरिंग जातील.

एक गोष्ट मी प्रत्येक जुन्या गाडीत मुद्दाम बघतो, कारण आपल्या भागात ती फार होते. मे महिन्यात कधीतरी गाडी तापते, कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतो आणि रेडिएटरचा पंखा थेट जोडून देतो. तापणं थांबतं, मालक खूश होतो. पण थर्मोस्टॅट नसलं की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनाला त्याच्या गरम तापमानावर यायला फार वेळ लागतो. पावसाळ्यात तर सांखळीहून निघालेली गाडी माशेलपर्यंत कोमटच असते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते मॅनिफोल्डच्या भिंतीवर ओलं बसतं आणि तेवढं भरून काढायला जास्त द्यावं लागतं. तपासायला सोपं आहे. सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. पहिली काही मिनिटं होज थंड राहून मग एकदम गरम झाला, तर थर्मोस्टॅट आहे आणि चालतोय. होज सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर आत थर्मोस्टॅट नाही किंवा तो उघडा अडकलाय. हा भाग मोठ्या खर्चाचा नाही, आणि त्याने एक-दीड किलोमीटर परत आलेले मी पाहिले आहेत. गाडी खरोखर तापत असेल तर रेडिएटर साफ करा, पंख्याचा स्विच बदला.

तुमच्या गाडीत डॅशबोर्डवर चोकचा नॉब असेल, तर तो पूर्ण आत गेल्यावर कार्ब्युरेटरवरची पाती खरंच सरळ उभी राहते का, हे एअर फिल्टर उघडून डोळ्यांनी बघा. केबल जुनी झाली की नॉब आत जातो आणि पाती अर्धी मिटलेलीच राहते. फिल्टर उघडलाच आहे तर तोही बघून घ्या. नावेली-आमोणा पट्ट्यात खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ किती असते ते वेगळं सांगायला नको. कंपनीने लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच तिथला फिल्टर भरतो. आतून टॉर्च धरून बाहेरून उजेड दिसला नाही तर नवा घाला. पेट्रोलने धुऊन परत घालू नका, कागद फाटला की ती लाल माती थेट सिलिंडरमध्ये जाते.

आता इग्निशन, म्हणजे ठिणगीची व्यवस्था. माझ्या अनुभवात जुन्या गाडीचं हरवलेलं अ‍ॅव्हरेज सर्वांत जास्त वेळा इथे सापडतं, आणि इथेच लोक सर्वांत कमी बघतात.

प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. आत पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) असतील तर त्यांचा गॅप फीलर गेजने मोजायचा, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. पॉइंटचं फायबरचं टोक कॅमवर घासून झिजत जातं, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आपोआप मागे पडतं. टायमिंग मागे पडलं की स्फोटाचा जोर पिस्टन खाली निघून गेल्यावर येतो. ताकद कमी आणि सायलेन्सर गरम, असा प्रकार. म्हणून क्रम असा: आधी गॅप, मग टायमिंग. उलटं केलं तर गॅप लावताना टायमिंग पुन्हा हलतं. तुमच्या गाडीत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर असेल तर गॅपचं काम नाही, पण पुढचं सगळं लागू आहे.

डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला एक चपटी डबी असते आणि तिला कार्ब्युरेटरकडून येणारी बारीक रबरी नळी जोडलेली असते. ते व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स. ताई, हे तुम्ही स्वतः तपासू शकता. इंजिन बंद असताना ती नळी कार्ब्युरेटरच्या बाजूने काढा, टोक पुसून तोंडात धरा आणि ओढा. कॅप उघडी ठेवली असेल तर आतली प्लेट थोडी फिरलेली दिसेल. नळीच्या टोकाला जीभ लावून धरली की प्लेट तशीच थांबली पाहिजे. ओढताना नुसती हवा येत राहिली आणि प्लेट हललीच नाही, तर आतला डायफ्राम फाटलाय किंवा नळीला चीर पडली आहे.

याचं महत्त्व असं, की पन्नास-साठच्या वेगाने सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि पातळ असतं आणि ते हळू जळतं. त्याला ठिणगी बरीच आधी द्यावी लागते, आणि ती आधी देण्याचं काम ही डबी करते. ती मेली तरी गाडी चालू होते, आयडलिंगला ठीक असते, पूर्ण पाय दाबला तर ओढतेही. फक्त जिथे पेट्रोल वाचायचं, त्या हलक्या पायाच्या चालीत ते वाचत नाही. त्यामुळे दोष कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे एक ओम्नी आली होती, दोन ठिकाणी कार्ब्युरेटर बदलून झालेला, आणि ही नळी कार्ब्युरेटरकडून निसटून खाली लोंबत होती. नळी नवी घातली, डबी चांगलीच होती, आणि पुढच्या टाकीला मालकाने फोन करून सांगितलं की पूर्वीचं अ‍ॅव्हरेज परत आलं. तीस वर्षं जुनं रबर आणि त्यात इथेनॉलची वाफ, त्यामुळे बॉनेटखालच्या सगळ्या बारीक नळ्या एकदाच बदलून टाका.

डिस्ट्रिब्युटरच्या आत वजनं आणि स्प्रिंगही असतात. रोटर हाताने थोडा फिरवून सोडला की तो टणकन मागे आला पाहिजे. अडकला तर वजनं गंजली आहेत, खोलून ऑइल द्यावं लागेल. पावसाळ्यात रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. प्लगच्या वायरींवर किंवा कॅपवर निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर तेवढा करंट वाया जातोय. वायरी आणि कॅप बदला, आणि नव्या वायरी जोडताना फायरिंग ऑर्डर १-३-२ लक्षात ठेवा.

टायमिंग लाइटनेच लावून घ्या. कानाने लावणारे जुने मिस्त्री होते आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण दोन अंशांचा फरक कानाला कळत नाही आणि पेट्रोलला कळतो. पुस्तिकेतल्या आकड्यावर लावा, मग गाडी पूर्ण गरम करून चढणीवर न्या. आम्ही फोंड्याहून फर्मागुढीची चढण घेतो. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने पाय दाबला की किंचित, क्षणभर टकटक येऊन थांबली तर टायमिंग योग्य आहे. टकटक चालूच राहिली तर थोडं मागे घ्या. इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, त्यामुळे आजच्या पेट्रोलवर एखाद-दुसरा अंश पुढे ठेवायला जागा मिळते, आणि लीन मिश्रणाला तो उपयोगीही पडतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावून घ्या, पुस्तिकेतल्या मापाने. एक्झॉस्टचे टॅपेट घट्ट झाले की त्यांचा आवाज येत नाही, म्हणून गाडी छान शांत आहे असं वाटतं आणि व्हॉल्व्ह आतल्या आत जळत राहतो. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आले पाहिजेत. एक बराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. इथे मोठा दोष निघाला तर कार्ब्युरेटरवर एक रुपयाही घालू नका.

एवढं सगळं ठीक निघालं की कार्ब्युरेटर. आधी त्याच्या बुडाचा गॅसकेट आणि मॅनिफोल्डचे जोड. इंजिन आयडलिंगला असताना जोडांवर साबणाचं पाणी थोडं थोडं सोडा. कुठेतरी इंजिनाचा आवाज बदलला की तिथून फुकटची हवा आत जाते आहे. काही लोक यासाठी पेट्रोल मारतात. गरम सायलेन्सरशेजारी ते करू देऊ नका.

कार्ब्युरेटरच्या पुढच्या बाजूला छोटी काच असेल, तर इंजिन चालू असताना पेट्रोलची पातळी तिच्या मधल्या खुणेवर दिसली पाहिजे. वर असेल तर पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह झिजलाय किंवा त्याला मिटवणाऱ्या तरंगत्या फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय. फ्लोट काढून कानाजवळ हलवा, आत खळखळलं तर तो गेला. पातळी दोन-तीन मिलिमीटर वर असली तरी सगळीकडेच जास्त पेट्रोल जातं, आणि कुठलाही स्क्रू ते भरून काढू शकत नाही.

जेटबद्दल सविस्तर सांगतो. कुठल्याही गॅरेजात बघा, जेट चोंदला की केबलची स्टीलची तार घालून साफ करतात. जेट पितळेचा, तार स्टीलची. भोक थोडं मोठं होतं, थोडं लंबगोल होतं. व्यास पाच टक्के वाढला तर भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्के वाढतं. कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे आणि कॉम्प्रेसरची हवा एवढ्यावरच काम झालं पाहिजे, फार तर नायलॉनचा धागा. तुमचा जुना जेट मेकॅनिकने जपून ठेवला असेल तर भिंगातून बघा, ओरखडे असतील तर त्याच नंबरचा नवा घ्या. नंबर जेटच्या डोक्यावर कोरलेला असतो. हवेचे जेट आणि इमल्शन ट्यूबची बारीक भोकंही साफ हवीत, कारण ती बुजली की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं आणि दोष मेन जेटवर जातो. पॉवर व्हॉल्व्ह आणि अ‍ॅक्सिलरेटर पंप यांचे डायफ्राम बघा. दुसऱ्या बॅरलची पाती हाताने उघडून सोडली की पूर्ण मिटली पाहिजे. स्वस्त किटमधले गॅसकेट कापताना भोकं चुकवलेले असतात, म्हणून जुना आणि नवा एकमेकांवर ठेवून ताडून बघायला सांगा.

आणि तो स्क्रू. मिक्स्चरचा स्क्रू फक्त आयडलिंगला आणि त्याच्या जरा वर काम करतो. पन्नासच्या वेगात गाडी मेन जेटवर चालते, तिथे या स्क्रूला जवळपास काही किंमत नाही. तो आत घेऊन बाणस्तारीच्या रस्त्यावर पेट्रोल वाचत नाही. सकाळचा त्रास तेवढा वाढतो. इंजिन पूर्ण गरम, फिल्टर बसवलेला, पंखा आणि दिवे बंद, अशा स्थितीत स्क्रू हळू बाहेर घेत जायचं. इंजिनाचे फेरे वाढत वाढत एका ठिकाणी थांबतात. तिथून ते फेरे जेमतेम उतरायला लागतील एवढाच स्क्रू परत आत. मग आयडलिंग मिनिटाला साधारण ९०० फेऱ्यांवर आणायचं आणि हे सगळं पुन्हा एकदा करायचं. व्हॅक्युम गेज असेल तर अजून सोपं. समुद्रसपाटीवर चांगलं इंजिन १७ ते २१ इंच दाखवतं, आणि काटा स्थिर हवा. काटा ठरावीक लयीत खाली झटकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

यानंतर पीयूसीला जा आणि मशीनचे आकडे वाचा. नुसती पास झाल्याची पावती घेऊन येऊ नका. तुमच्या सालच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची (न जळलेल्या पेट्रोलची) १५०० पीपीएम आहे. एक ते दोन टक्के सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आला तर मी समाधानी असतो. तीनच्या जवळ म्हणजे रिच. सीओ अगदी कमी आणि हायड्रोकार्बन खूप जास्त, म्हणजे लीनमुळे किंवा ठिणगीमुळे स्फोट चुकतायत. आज तुमच्या गाडीचा आकडा असाच येईल, असा माझा अंदाज आहे. प्लगच्या रंगावर पूर्वीसारखा भरवसा ठेवू नका. शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि आताच्या पेट्रोलवर चांगल्या इंजिनाचाही प्लग फिकाच दिसतो. काळा काजळीचा किंवा पांढराफटक, एवढी दोन टोकं तेवढी ओळखा.

मूळ नंबरचा जेट घालून, वरचं सगळं करूनही हलक्या पायाला गाडी झटके देत राहिली, तर आजच्या पेट्रोलसाठी मूळच्यापेक्षा एक नंबर मोठा जेट घालून बघायला माझी हरकत नाही. लोकांना हे उलटं वाटतं. पण अशा गाड्यांत मोठा जेट घालून अ‍ॅव्हरेज वाढलेलं मी पाहिलंय, कारण पाय वर येतो.

इथेनॉलची खरी काळजी पावसाळ्यात घ्यायची. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पंप तळातूनच ओढतो. म्हणून मृगापासून चतुर्थीपर्यंत टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका आणि झाकणाचा रबर बदला. शंका आली तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा, दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचं पेट्रोल संपवून ठेवा. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्याच घ्या, जुन्या नळ्या आतून सुटतात आणि ते काळे कण नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

चालवण्याबद्दल थोडंच सांगतो. उतारावर न्यूट्रल टाकल्याने कार्ब्युरेटरच्या गाडीत चार थेंब वाचतातही, पण चोर्ल्यासारख्या घाटात ब्रेक तापून निकामी होतात, तेव्हा ते करू नका. इंजिन बंद करून तर मुळीच नाही. फेरीबोटीच्या रांगेत मात्र जरूर बंद करा. पेट्रोलच्या पाइपाला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालू नका, त्या पैशात थर्मोस्टॅट आणि नळ्या येतात.

सगळं जागेवर आलं तर तुमच्या रस्त्याला, आजच्या पेट्रोलवर, पंधरा ते सोळा ही अपेक्षा धरा. सध्या बसवलेल्या आणि मूळच्या जेटचा नंबर, सलग दोन टाक्यांचे आकडे, पीयूसीच्या पावतीवरचे सीओ-एचसी आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एवढं लिहून पाठवा, म्हणजे पुढे कुठे हात घालायचा ते नेमकं सांगता येईल.